शिळ्या भाताची मेजवानी

मराठी भाषेनें ज्या शब्दांवर उघड अन्याय केला आहे त्यांच्या यादींत 'शिळें' हा शब्द मी अगदीं वर मांडीन. बातमी शिळी झाली कीं तिला कोणी कान देत नाहीं. विनोद शिळा निघाला कीं सांगणाराच ओशाळतो. आणि मिटलेलें भांडण कोणी उकरून काढूं लागला तर 'शिळ्या कढीला ऊत आणूं नका' म्हणून आपण त्याला गप्प बसवितों. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत तर रात्र उलटलेल्या अन्नाची रवानगी थेट तामसी लोकांच्या आहारांत झाली आहे. एवढ्या मोठ्या न्यायासनाचा निकाल लागल्यावर पुढें दाद मागावयाची कोणाजवळ? वर्षांतून एकदां, शीतळासप्तमीला, शिळ्या अन्नाला मान मिळतो खरा. त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं, आदल्या दिवशींचें केलेलें खावयाचें. परंतु तो मानही बिचाऱ्याला देवीच्या धाकामुळें मिळालेला!

तीस वर्षें एकच विषय शिकवीत आलेल्या प्राध्यापकाला या शब्दाविषयीं थोडी आपुलकी वाटली तर वाचकांनीं नवल मानूं नये. शेक्सपिअरच्या नाटकांवरचीं माझीं टिपणें टेबलाच्या खणांत आहेत. त्यांचे कागद पिवळे पडले असून कडा झडूं लागल्या आहेत. दर वर्षीं जून महिन्यांत तीं मी बाहेर काढतों, नव्या वर्गापुढें त्यांना नव्यानें फोडणी देतों, आणि मुलें तीं मुकाट्यानें, कित्येकदां तर चवीनेंही, घेतात. ताजेपणा हा वस्तूचा गुण कीं ती वाढणाऱ्या हाताचा, असा प्रश्न मला त्या वेळीं पुष्कळदां पडतो.

असें असतां, जगांत एक नामांकित पदार्थ असा आहे कीं जो शिळ्या भातावांचून नीट साधतच नाहीं, हें मला कळलें तेव्हां एखाद्या गरीब नातेवाइकाला परदेशीं मोठा हुद्दा मिळाल्याचें कानीं यावें तसा आनंद झाला. चिनी लोक त्या पदार्थाला 'चाओ फान' म्हणतात, म्हणजे परतलेला भात. आपण तो इंग्रजी वाटेनें घेतला, म्हणून 'फ्राइड राइस' म्हणतों. यांग्त्से नदीच्या उत्तरेस, महाकालव्याच्या काठीं यांगचौ नांवाचें शहर आहे. त्याचें नांव या भाताला कायमचें चिकटलें आहे, आणि हौशी लोक त्याची कुळकथा सहाव्या-सातव्या शतकांतल्या सुई घराण्याच्या एका सम्राटापर्यंत नेऊन भिडवितात. दंतकथा ती दंतकथा. सम्राटाच्या मुदपाकखान्यांत कोणी कालच्या भाताची चिंता करीत असेल असें मला वाटत नाहीं. हा पदार्थ एखाद्या गरिबाच्या चुलीवरच जन्मला असावा, आणि मागाहून त्याला राजघराण्याचें गोत्र मिळालें असावें. पुष्कळ घराण्यांच्या बाबतींत असेंच होतें.

चिनी लोकांचें भाताविषयींचें ममत्व मात्र दंतकथेंतलें नव्हे. अठराव्या शतकांतला कवि आणि खवय्या युआन मेइ यानें १७९२ सालीं पाकशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. श्रीमंत लोक कालवणांची रसभरित चर्चा करतात पण भाताकडे ढुंकून पाहात नाहींत, याबद्दल तो त्यांत त्यांना हंसतो. भात हें मूळ आणि बाकीचे पदार्थ हे शेंडे, असा त्याचा अभिप्राय. इथपर्यंत हा गृहस्थ थेट कोंकणांतला वाटतो. परंतु पुढें तो सांगतो कीं भातावर रस्सा ओतून खाणें आपल्याला खपत नाहीं, कारण त्यानें भाताची मूळची चव हरपते. एवढ्या एका मताखातर आमच्या किनाऱ्यावर त्याला कोणी पंगतीस घेणार नाहीं.

परतावयाला भात शिळाच कां लागतो, याचें कारण सोपें आहे. तांदळांतलें पिष्ट शिजतांना पाणी पिऊन फुगतें, मऊ नि चिकट होतें. असा ऊन भात कढईंत टाकून परतूं लागलें कीं शितें एकमेकांच्या गळ्यांत पडतात आणि पाहतां पाहतां त्याची खळ होते. भात निवला म्हणजे त्याच पिष्टाचे लांब लांब रेणू पुन्हां एकमेकांजवळ सरकून घट्ट बसूं लागतात. शीत कडक होतें, त्याचें अंग कोरडें पडतें. ही क्रिया फ्रीजच्या थंडींत, चार अंशांच्या आसपास, अधिक जलद होते. अशी एक रात्र काढलेला भात दुसऱ्या दिवशीं तापल्या कढईंत पडला तरी प्रत्येक शीत आपापली अब्रू राखून असतें. आमच्या घरांतल्या बायकांनीं हें सगळें रसायनशास्त्राचें तोंड न पाहतां ओळखलें होतें. फोडणीचा भात ताज्या भाताचा करूं नये, हें कोणत्या मराठी घरांत ठाऊक नाहीं?

शिळेपणाची बाजू घेतांना एक गोष्ट मात्र लपवितां कामा नये. 'बॅसिलस सेरियस' नांवाच्या एका जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहींत. भात तासन् तास उबेंत पडून राहिला तर ते रुजतात, वाढतात, आणि असें कांहीं विष तयार करतात कीं तें पुन्हां कितीही परतलें तरी जात नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतल्या चिनी उपाहारगृहांतला परतलेला भात खाऊन कित्येकांना वांत्या झाल्या, त्याचें मूळ हेंच होतें. तेव्हां भात शिळा करावयाचा तोही शिस्तीनें शिळा केला पाहिजे: परातींत पसरून चटकन निववावा, तासाभराच्या आंत फ्रीजमध्यें ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीं उरकून टाकावा. आमच्या महाविद्यालयांतली शिस्त इतपत असती तर मी आणखी दहा वर्षें शिकविलें असतें.

आपल्याकडे हा भात आला तो अर्थातच माणसांबरोबर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठीं चिनी लोकांची पहिली वसाहत झाली. पुढें मुंबईंत गोदीच्या आश्रयानें माझगांवच्या बाजूस चिनी खलाशी राहूं लागले, आणि त्यांचें एक लहानसें देऊळ तेथें अजून आहे. १९६२ सालीं सरहद्दीवर युद्ध झालें तेव्हां चिनी वंशाच्या सुमारें ३,००० माणसांना राजस्थानांतील देवली येथल्या छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांतल्या पुष्कळांचा जन्म याच देशांत झाला होता. सुटल्यावर कित्येकांनीं हा देशच सोडला. माणसें गेलीं आणि त्यांचा भात राहिला. आज कोणत्याही तालुक्याच्या एस. टी. स्थानकाबाहेर संध्याकाळीं तांबड्या अक्षरांची एक गाडी उभी असते, आणि तिच्यावर जो लालभडक भात मिळतो तो यांगचौच्या माणसाला ओळखूंही येणार नाहीं. त्या भाताविषयीं माझी तक्रार नाहीं. माझे निम्मे विद्यार्थी त्याच्यावर वाढले आहेत. परंतु तो खातांना देवलीची आठवण कोणाला होत असेल असें वाटत नाहीं.

माझी मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला असते. गेल्या पौषांत ती चार दिवसांच्या रजेवर येणार असें ठरलें, तेव्हां तिनें फोनवर बजावून सांगितलें कीं रविवारीं रात्रीं बाबांनीं भात परतावयाचा, त्यांत कोळंबी असावयाची आणि माकूलही असावयाचें. आमच्या घरीं माझ्या हातच्या तीनच पदार्थांना मान्यता मिळाली आहे: चहा, ऑम्लेट आणि हा भात. पत्नीची हरकत नसते. तिची अट एवढीच कीं स्वयंपाकघर ज्या स्थितींत ताब्यांत मिळेल त्याच स्थितींत परत केलें पाहिजे. घरमालकाच्या करारनाम्यांतही मला इतकें कडक कलम कधीं आढळलेलें नाहीं.

शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर मीं तीन वाट्या कोलम तांदूळ धुऊन गॅसवर चढविला. पाणी साडेचार वाट्या, नेहमींपेक्षां कमी. आंबेमोहोर या कामीं उपयोगाचा नाहीं. त्याचा सुवास कितीही मोहक असला तरी त्याचीं शितें फार लाघवी, एकमेकांना सोडीत नाहींत. बासमतीचें अंग मोकळें असतें, पण त्याचा वास कोळंबीवर कुरघोडी करूं पाहतो. कोलम हा आपला मध्यमवर्गीय तांदूळ: नाकासमोर चालणारा, कोणाच्या अध्यांत नाहीं कीं मध्यांत नाहीं.

भाताला आधण आलें असतांना आई पाणी प्यावयास बाहेर आली. तिला नुकतींच ऐंशी वर्षें पुरीं झालीं. पातेल्याकडे पाहून तिनें विचारलें, "आतां कोण जेवायचं राहिलंय रे?"

"कोणी नाहीं. हा उद्यांसाठीं आहे."

"उद्यांचा भात उद्यां नाहीं का होत?"

"ह्याला शिळाच भात लागतो, आई."

ती जरा वेळ पातेल्याकडे पाहात उभी राहिली. "म्हणजे शिळा करण्यासाठीं तूं ताजा भात शिजवतोयस," ती म्हणाली, आणि हंसत हंसत पाण्याचा पेला घेऊन आपल्या खोलींत गेली.

तिच्या हंसण्याचा अर्थ समजावयास गिरगांवांतल्या आमच्या चाळींतल्या दोन खोल्या ठाऊक असावयास हव्यात. आजी, आई, वडील आणि आम्ही तीन भावंडें, अशीं सहा माणसें तेथें राहात होतों. काळ १९७५ नंतरचा. तांदूळ बहुतेक रेशनचा. रात्रीं भाताचें भांडें अगदीं रिकामें ठेवावयाचें नाहीं, अन्नपूर्णा रुसते, असा आजीचा दंडक होता, म्हणून सर्वांचीं जेवणें झाल्यावरही मूठभर भात मुद्दाम झांकून ठेवलेला असे. ती मूठ सकाळपर्यंत शिळी होई, आणि ती आईची असे. हें कोणीं ठरविलें होतें असें नाहीं. शिळें पुरुषांच्या पानांत जावयाचें नाहीं, मुलांच्या पानांत जावयाचें नाहीं, आजीच्या पानांत तर नाहींच नाहीं. मग राहिलें कोण, हा हिशेब चाळींतल्या प्रत्येक खोलींत असाच सुटत होता. आई तो भात ओट्याशीं उभ्यानेंच खाई. त्यांत ताक आणि मीठ, बरोबर एक हिरवी मिरची. कधीं आदल्या रात्रींच्या बांगड्याच्या कालवणाचा तळ राहिलेला असे. तो मात्र शिळाच अधिक चांगला, हें मासे खाणाऱ्या माणसाला सांगावयास नको. पण तो रोज कोठून राहणार?

भात मुठीहून जास्त उरला म्हणजे सकाळीं आम्हां मुलांची चंगळ होई. आम्ही फोडणीच्या भाताचा हट्ट धरीत असूं. मग आई तव्याएवढ्या लहान कढईंत तेल तापवून लसूण ठेंचून टाकी, मोहरी तडतडे, हळद-तिखट पडे, उभा चिरलेला कांदा लाल होई, आणि हातानें मोकळा केलेला भात त्यांत पडला कीं त्याचा वास जिन्यापर्यंत जाऊन पोंचे. तो भात तीन बशांत वाटला जाई. चौथी बशी पाहिल्याचें मला आठवत नाहीं. शिळा भात जोंवर नुसता शिळा होता तोंवर तो आईचा होता; त्याला फोडणी बसली कीं तो आमचा होई.

शिळ्या भातावर जगणारीं घरें कांहीं एकट्या गिरगांवांत नव्हतीं. बंगाल्यांचा पांताभात आणि ओडिशांतला पखाल हे रात्रभर पाण्यांत राहिलेले भातच आहेत. २०२१ सालीं ऑस्ट्रेलियांतल्या 'मास्टरशेफ' स्पर्धेच्या अंतिम फेरींत किश्वर चौधरी या बांगलादेशी कुळांतल्या बाईंनीं हा पांताभात परीक्षकांपुढें मांडला आणि त्याची वाहवा झाली. ती बातमी मीं मोठ्या उत्साहानें आईला वाचून दाखविली होती. तिनें शांतपणें विचारलें, "बरोबर मिरची होती का?"

रविवारच्या मेजवानीविषयीं माझ्या मनांत एक बेत होता. परतलेल्या भाताची पहिली बशी आईची. तीन बशांच्या त्या हिशेबांत जी चौथी बशी कधीं आली नाहीं ती या वेळीं सर्वांच्या आधीं भरावयाची, तींत कोळंबी चांगली मोजून घालावयाची, आणि ती आईपुढें ठेवावयाची. हें मीं कोणाजवळ बोललों नाहीं. अशा गोष्टी बोलून दाखविल्या कीं त्यांचें भाषण होतें, आणि भाषणें मी आठवड्यांतून सोळा तास देतोंच.

सकाळीं मी बाजारांत गेलों. या भाताची एक गंमत अशी कीं त्याला भात जितका शिळा चालतो तितकेच मासे ताजे लागतात. एका कढईंत कालचें घर आणि आजचा समुद्र. कोळंबी पाहतांना मी तीन गोष्टी पाहतों. डोकें धडाला घट्ट असावें. कवच चकचकीत नि अंगाशीं बसलेलें असावें, डोक्यापाशीं काळे डाग पडलेले नसावेत. आणि वास खाऱ्या वाऱ्याचा असावा, नाकांत झोंबणारा नसावा. माझी नेहमींची कोळीण मला मास्तर म्हणते. "मास्तर, डोकं ओढून बघा, येतंय का हातांत!" असें आव्हान देऊन तिनें अर्धा किलो सोलट माझ्या पिशवींत घातली, आणि पाव किलो माकूल. मी प्राध्यापक आहें हें तिला ठाऊक आहे. पण मास्तर या शब्दांत जो जिव्हाळा आहे तो 'प्रोफेसर'मध्यें नाहीं, आणि भावांतही त्यामुळें थोडा फरक पडतो.

कोळंबी सोलणें हें काम वाटतें तितकें कंटाळवाणें नाहीं. पाठीवर सुरीचें टोंक फिरवून काळा दोरा काढला कीं हाताला एक लय सांपडते. डोकीं आणि सालें मात्र फेंकूं नयेत. निम्मीं मीं तेलांत लसणीबरोबर मंद आंचेवर परतलीं, पळीनें दाबदाबून त्यांतला रस काढला आणि तेल गाळून घेतलें. तें केशरी तेल हाच या भाताचा आत्मा. राहिलेल्या निम्म्यांना पाण्यांत उकळी देऊन तें पाणी बाजूस ठेवलें. त्याचें काय करावयाचें हें तेव्हां मला ठाऊक नव्हतें, पण टाकवेना. माकुलाच्या पोटांतून कांचेसारखें पारदर्शक पीस निघतें, तें ओढून काढतांना मुलगी लहानपणीं जशी टाळी वाजवी तशीच आतांही वाजविते. माकूल शिजविण्याचा नियम मोठा एकांतिक आहे: एक तर दोन मिनिटांच्या आंत उतरवा, नाहीं तर अर्ध्या तासाहून अधिक शिजूं द्या. मधल्या वेळांत त्याचें रबर होतें. भगवान् बुद्धानें सांगितलेला मध्यम मार्ग इतर सर्वत्र कल्याणकारक असेल. माकुलाच्या बाबतींत तो घातक आहे.

संध्याकाळीं सातच्या सुमारास सगळी मांडामांड झाली. पातीचा कांदा चिरलेला, आलें-लसूण बारीक केलेली, अंडीं फेंटलेलीं, मिरीं कुटलेलीं, सोया सॉसची बाटली हाताशीं, आणि थंड भात ओल्या हातानें मोकळा केलेला. आई येऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. मी तिला म्हणालों, "आज पहिली बशी तुझी हं."

"मला नको तो."

"कां ग? तिखट नाहीं करीत मी."

"तिखटाचं नाहीं रे." पदराच्या टोंकाची घडी घालीत ती म्हणाली, "शिळा भात मीं पुष्कळ खाल्लाय. वाईट नसतो. तुम्ही खा, हौसेनं खा. मला आज वाटीभर ऊन ऊन भात कर. आंबेमोहोराचा, मऊ. आणि चार-सहा कोळंब्या बाजूला ठेव, त्यांचं पातळ कालवण कर. येईल ना तुला?"

आईनें स्वतःसाठीं एखादा पदार्थ सांगितल्याचें माझ्या आठवणींतलें हें पहिलेंच उदाहरण. सणाला आमच्या आवडीचें आणि दुखण्यांत आमच्या पथ्याचें करण्यांत तिचीं पन्नास-साठ वर्षें गेलीं. 'तुला काय आवडतें?' हा प्रश्न मराठी व्याकरणांत सरळ बसतो, परंतु आमच्या घरांत तो वरून खालीं जात असे, खालून वर कधीं येत नसे. शिळ्या भाताची एवढी वकिली मीं वर केली आहे खरी. ती ज्याच्या वाट्याला तो फोडणी बसल्यावर आला अशा माणसाची वकिली आहे. आईला हें सुचवावयाचें होतें असें मुळींच नाहीं. तिला ऊन भात हवा होता.

तेव्हां कढई बाजूस सरकवून मीं लहान पातेलें घेतलें. आंबेमोहोर शिजूं लागल्याबरोबर त्याचा वास घरभर झाला, आणि सोया सॉसच्या बाटलीचें तेज जरा कमी झालें. कालवण आईनें स्टुलावर बसूनच करविलें. नारळाचा रस पत्नीनें काढून दिला. "हळद आधीं. तिखट एवढंच. आमसुलं चार. आतां तें डोक्यांचं पाणी घाल, ठेवलंयस ना?" ठेवलें होतें. "कोळंबी शेवटीं, ती वळली कीं गॅस बंद." पुस्तकांतल्या कोणत्याही कृतींत इतकें नेमकें वाक्य मला मिळालेलें नाहीं.

मग माझा भात. चिनी आचाऱ्याच्या शेगडीची ज्वाला आपल्या घरगुती गॅसच्या कित्येक पट असते. ती उणीव भरून काढावयाची तर एकदम सगळा भात कढईंत लोटतां कामा नये. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवावी, आणि दोन घाणे करावे. केशरी तेल टाकून प्रथम कोळंबी परतली. ती गुलाबी होऊन वळतांच बाहेर काढली. माकूल दीड मिनिट, तेंही बाहेर. मग आलें-लसूण, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, अंडें. आणि अंडें पुरतें आवळण्यापूर्वीं भात. या टप्प्याला कोणी कांहीं विचारलें तर मी उत्तर देत नाहीं. भात पसरावा, क्षणभर तसाच राहूं द्यावा, उलथावा, पुन्हां पसरावा. थोड्या वेळानें शितें कढईंत उड्या मारूं लागतात आणि त्यांचा एक बारीक खडखडाट ऐकूं येतो. सोया सॉस भातावर ओतूं नये, कढईच्या तापलेल्या कडेनें सोडावा, म्हणजे तो तेथेंच चुर्र होऊन त्याचा कच्चा वास जातो. शेवटीं मासे परत आंत, मिरपूड आणि हिरवी पात.

आम्ही तिघें परतलेल्या भाताच्या बशा घेऊन बसलों. आईच्या ताटांत पांढऱ्या, मऊ भाताची मूद, तिच्यावरून वाफ निघत होती. "मी थांबत नाहीं हं," ती म्हणाली, "निवला तर काय उपयोग?" आणि आमच्यापैकीं कोणी चमचा उचलण्यापूर्वीं तिनें मुदींत बोटांनीं आळें केलें, त्यांत कालवण ओतून घेतलें, आणि पहिला घास घेतला. युआन मेइनें तोंड फिरविलें असतें.

भात चांगला झाला होता, हें सांगितलें नाहीं तर मुलीवर अन्याय होईल. तिनें दोनदां घेतला. पत्नीनें माकूल रबरासारखें झालें नसल्याचें प्रमाणपत्र दिलें. आईनें माझ्या बशींतली एक कोळंबी उचलून खाल्ली आणि थोडा विचार करून म्हणाली, "कोळंबी बरोबर उतरली आहेस. भात कडक आहे." मुलगी तिच्या ताटाकडे पाहात होती. "आजी, एक घास दे ना," म्हणून तिनें हात पुढें केला. आजीनें एक घास कालवून तिच्या हातावर ठेवला. दुसऱ्यांदां हात आला तेव्हां आईनें डाव्या हाताचा तळवा ताटावर आडवा धरला. "तुझा आहे ना तो परतलेला? तो संपव." आणि सावकाश, शीत न् शीत निपटून, तिनें आपलें जेवण पुरें केलें.

मागचें आवरावयाचें काम करारानुसार माझें होतें. परतलेला भात दोन बशा उरला होता. मुलीनें तो डब्यांत भरून सकाळच्या डब्यासाठीं स्वतःच्या नांवानें राखून ठेवला. पत्नी भांडीं वेगळीं करीत होती. लहान पातेलें तिनें हातांत घेतलें, आंत पाहिलें आणि दाराशीं उभ्या असलेल्या आईला म्हणाली, "आई, तुमच्या भातांतलं रात्रीं झांकून ठेवायला कांहींच उरलं नाहीं हो."

"असूं दे आज," आई म्हणाली, आणि हात पुसून आपल्या खोलींत गेली.